हळदीतली कॅन

सकाळी उठल्यावर दिपमालाचं तोंड सुजलेलं दिसू लागलं, तेव्हा भिकनआबांनी लेकीला थेट दवाखान्यात नेलं. तिच्या वारलेल्या आईचं, कोकिळाचं दुखणंही असंच सुरू झालं होतं.

जळगावच्या डॉक्टरांनी दिपमालाची लघवी तपासली. तिच्यातून प्रोटीन जात होतं. किती जातंय हे कळायला चोवीस तासांची सगळी लघवी कॅनमध्ये जमवून आणायची होती. एकही वेळ सोडायची नाही, कॅन थंड ठेवायची.

नेमकी त्याच दिवशी भडगावात चुलतबहीण पुनमची हळद.

"नको जाऊ," आबा म्हणाले.

कोकिळानंही अशीच कॅन भरायला घेतली होती. मधेच एका बारशाला ती लाजेपायी कॅन न घेता गेली, आणि घरी येऊन नळाचं पाणी ओतून माप भरून काढलं. रिपोर्ट बरा आला, औषध सुरू व्हायला उशीर झाला. हे तिनं आबांना सांगितलं तेव्हा ती डायलिसिसवर होती. आबांना तिचा राग कधी आला नाही. पण पोरीनंही तसंच केलं तर?

"जाईन मी आबा. कॅन घेऊनच जाईन."

मांडवात हातात पांढरी कॅन बघून मंदाबाईनं हटकलं, "काय वं, ताक लई उनी का?"

हळदीला ताक घेऊन आली, म्हणून बायका हसल्या. मांडवाच्या खांबाशी उभ्या आबांनी मान खाली घातली.

"ताक नही मावशी, लघवी शे," दिपमाला सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "किडनीनी तपासणी शे. बठ्ठी जमा करनी पडस. हाई थंड ठेवाले जागा शे का?"

कोकिळा मंदाबाईची मैत्रीण होती. मंदाबाई उठली, तिनं पाण्यासाठी आणलेल्या बर्फाची लादी फोडली आणि बादलीभर बर्फ न्हाणीत नेऊन ठेवला.

"कोनी हात लावाना नही त्या बादलीले!" तिनं बाहेर येऊन दम भरला. मग दिपमालाला हळद लावली.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. प्रोटीन बरंच जात होतं, पण किडनी अजून शाबूत होती.

"वेळेवर सापडलं," डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांनी आटोक्यात राहील. नमुनाही अगदी पूर्ण आणलात."

आबांनी डोळे पुसले. दिपमाला उठून दाराशी गेली तरी ते खुर्चीतून हलेनात.

"साहेब," ते म्हणाले, "ती कॅन हिनं हळदीत नेली होती. भर मांडवात. सगळ्यांना सांगून!"

"आबा, चला ना," दिपमाला म्हणाली.

"थांब. साहेबांना कळू दे."