शिंप्याच्या घरी फ्लिपंट

मी 'फ्लिपंट' बोलतोय. शब्द आहे इंग्रजीतला, पण हल्ली तुमच्या घरांतही माझं येणंजाणं वाढलंय. गंभीर प्रसंगी कुणी थट्टा केली, मोठ्यांचं बोलणं हसण्यावारी नेलं, की तुम्ही मला पुढे करता. थिल्लर, उथळ, आगाऊ असे तुमचे अस्सल शब्द असताना मीच का? इंग्रजीत केलेला अपमान सभ्य वाटत असावा तुम्हाला.

माझा जन्म चारेकशे वर्षांपूर्वीचा. 'फ्लिप' म्हणजे टिचकीसरशी उडवणं. त्यातूनच मी आलो असेन असं जाणकार म्हणतात, पण छातीठोकपणे कुणी सांगत नाही. सुरुवातीला मी बरा होतो हो! चपळ, लवचिक, घडाघडा बोलणारा, एवढाच माझा अर्थ. पुढे लोकांना त्या बोलण्यात उद्धटपणा दिसू लागला आणि मी कायमचा बदनाम झालो.

असाच बदनाम होऊन मी एका शिंप्याच्या घरी पोचलो. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. शिंपी आणि त्याची धाकटी लेक मिळून दुकान चालवत. किरकिरं गिऱ्हाईक बाहेर पडलं रे पडलं, की शिंपी खडूने टेबलावर दोनदा टकटक करायचा. लगेच धाकटी नक्कल सुरू करायची. पोट आत ओढून माप देणारे साहेब, "सैल शिवा, पण घट्ट दिसू दे हं" म्हणणाऱ्या बाई. बापलेक पोट धरधरून हसायचे.

मग शिंप्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. राहिली फक्त टकटक. डाव्या हाताच्या बोटांनी तो खाटेच्या कडेवर वाजवायचा, धाकटी डॉक्टरांची नक्कल करायची आणि तो वाकड्या तोंडाने हसायचा. तेवढ्या हसण्यावरच तो दिवस काढत होता.

परगावी नोकरी करणारा थोरला रजा काढून आला, तेव्हा आत्या खाटेपाशी रडत बसली होती. टकटक झाली. धाकटीने हातातला रुमाल पिळल्यासारखा करून आत्याचीच नक्कल केली. शिंपी खुदकन हसला.

"बाबांची ही अवस्था, आणि तुला माकडचेष्टा सुचतात?" थोरला कडाडला. "किती फ्लिपंट आहेस गं तू! लाज कशी वाटत नाही?"

"अरे दादा, बाबांनीच तर..."

"पुरे!"

खरं तर तो घाबरला होता. बापाला असं पडलेलं त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

धाकटीला मी ठाऊक नव्हतो. तिने थोरल्याचा शाळेतला शब्दकोश काढला, मला शोधलं. 'आदर न राखता थट्टा करणारा.' तेवढं वाचून तिने पुस्तक मिटलं. ओरडून सांगावंसं वाटलं, अगं वेडे, माझा पहिला, चांगला अर्थ म्हणजे तू! पण आम्हा शब्दांना स्वतःचं तोंड कुठे असतं? मी तिच्या मनात जाऊन बसलो तो बसलोच.

दुसऱ्या दिवशी टकटक झाली. धाकटी पाण्याचा पेला घेऊन आली. "पाणी हवंय ना, बाबा?"

शिंप्याने तोंड फिरवलं. पुन्हा टकटक केली. तिने पुन्हा पेला पुढे केला. तिला कळत होतं सगळं. शेवटी तो निमूटपणे प्यायला. मग रोजच असं होऊ लागलं. टकटक क्षीण होत गेली आणि एका दुपारी थांबली. पेला तसाच भरलेला राहिला.

नोकरी सोडून थोरला आता दुकानात बसतो. शिंप्याच्या टकटकीचा खरा अर्थ त्याला आत्याकडून कळला, पण फार उशिरा. परवा एक गिऱ्हाईक बटणांवरून तासभर हुज्जत घालून गेलं. थोरला बराच वेळ हातातल्या खडूशी चाळा करत राहिला. मग त्याने भीतभीत टेबलावर दोनदा टकटक केली आणि बहिणीकडे पाहिलं.

धाकटी मशीनवरून उठली. आत जाऊन पाण्याचा पेला भरून आणला, त्याच्यापुढे ठेवला आणि पुन्हा शिवायला बसली.

थोरला त्या पेल्याकडे बघत रडत होता. मला तिच्या मनातून काढा हो कुणीतरी. मी एवढा हलका, पण माझा मला निघता येत नाही.