कलमाचा सांधा

निवृत्त होईपर्यंत भावोजींनी अकरा वर्षं बागकामावर सदर लिहिलं, आणि त्या अकरा वर्षांत त्यांच्या हाताला माती लागली ती एकदाच, जिन्यात पाय घसरून शेजाऱ्यांच्या कुंडीवर पडले तेव्हा.

ते ग्रंथालयात नोकरीला होते. बागकामाची पुस्तकं त्यांच्याच कपाटात यायची, ती वाचून ते लिहायचे. त्यांना आमच्या दैनिकाच्या रविवारच्या पानावर आणून बसवलं ते मी. मी तिथे मुद्रितशोधक. आधीचे लेखक सोडून गेले, संपादकांनी विचारलं, "तुमच्या ओळखीचं कोणी?" आणि माझ्या तोंडून थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव निघून गेलं. तेव्हापासून दर बुधवारी त्यांचा लेख यायचा आणि मी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ नीट करायचे. त्या सल्ल्याने झाडं जगतात की मरतात, हे बघणं माझ्या कामात बसत नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यांनी तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून बैठं घर घेतलं. मागे अंगण होतं, वीस पावलं लांब आणि बारा पावलं रुंद. पहिल्याच रविवारी त्यांनी जाहीर केलं, की या अंगणात आंबा लावला जाईल आणि वाचकांना त्याची हकीकत वेळोवेळी कळवली जाईल.

जात निवडायला तीन महिने लागले. मुलीसाठी स्थळ बघतानाही इतका खल झाला नव्हता. त्यांनी मोठा तक्ता केला: चव, रंग, गर, टिकाऊपणा, प्रतिष्ठा. प्रतिष्ठेला सगळ्यात जास्त गुण होते. तक्त्याची गुंडाळी काखेत मारून ते रोपवाटिकेत गेले. सोबत ताई आणि मी.

रोपवाटिका चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, मातकट बोटांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तक्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जागा किती आहे?" एवढंच विचारलं.

भावोजींनी सांगितली.

"मग ही बुटकी जात न्या. दरवर्षी छाटलीत तर डोक्याच्या वर जाणार नाही. फळ मध्यम, पण गोड. घराच्या भिंतीलाही त्रास नाही."

"लोक माझ्याकडे आंब्याच्या झाडासाठी बघतायत," भावोजी म्हणाले, "झुडपासाठी नाही."

बाईंनी खांदे उडवले आणि तक्त्यात पहिल्या आलेल्या जातीचं कलम आणून ठेवलं. मग बुंध्यावरच्या फुगीर गाठीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा सांधा. याच्या वरचं झाड तुमच्या पसंतीचं, खालचं साधं रायवळ, कोयीपासून उगवलेलं. सांधा मातीच्या वर राहू द्या. आणि खालून काही फुटलं तर लगेच खुडा, नाहीतर ते वरच्याला खाऊन टाकेल."

"बाई, मी यावर लिहितो," भावोजी म्हणाले.

"हो, वाचते मी," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं, पण ते ऐकू यायला भावोजींचे कान तयार नव्हते.

फोटोग्राफर बोलावून आंबा लावला. कलम खड्ड्यात नीट उभं राहीना, म्हणून भावोजींनी ते वीतभर आणखी खाली सोडलं आणि सांध्यावर माती लोटून पायाने दाबली. ताई म्हणाली, "अहो, त्या बाई काय म्हणाल्या होत्या?" ते म्हणाले, "मुळांना ऊब लागते." पुढच्या रविवारी छापून आलं: 'सांधा मातीत गाडावा, म्हणजे कलमाला आधार मिळतो.' 'म्हणजे'नंतरचा स्वल्पविराम मी काढला. बाकी वाक्य शुद्ध होतं.

वर्षाच्या आत कलम वाळलं. पानं आधी कडेने करपली, मग काठीच उरली. भावोजी आठवडाभर घरात कोणाशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी काठीच्या बाजूने मातीतून दोन तांबूस कोंब वर आले आणि त्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी काठी जमिनीलगत कापली, वर माती सारून जागा टापटीप केली आणि 'पुनर्जन्म' नावाचा लेख लिहिला. तो वाचून आमचे संपादक हळवे झाले.

ताईने आयुष्यभर प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासले होते. तिला बघायची सवय होती. तिने कोंबाचं पान चुरगाळून हुंगलं आणि म्हणाली, "हे खालचं फुटलंय. कलम गेलं."

"झाडाला वरचं-खालचं नसतं," भावोजी म्हणाले. "झाड एक असतं."

हे वाक्यही छापून आलं. लोकांनी ते कात्रून ठेवलं.

खालचं झाड मात्र जोमाने वाढलं. पाच वर्षांत ते छपराच्या वर गेलं, शेजारच्या दंतवैद्याच्या दवाखान्यात पानं टाकू लागलं. दवाखान्यातून निरोप येत राहिले, भावोजी 'सावली मिळते ना' म्हणत राहिले. सहाव्या वर्षी चौदा फळं धरली. भावोजींनी वाचकांच्या पत्रांतून चिठ्ठी काढून एका निवृत्त परिचारिकेला चव घ्यायला बोलावलं, संपादकांना बोलावलं आणि रोपवाटिकेच्या बाईंनाही. त्यांना आपलं चुकलं होतं हे दिसावं, असा हेतू होता.

दुपारी चार वाजता अंगणात टेबल मांडलं. फळं आत पिकवली होती, रंग बरा होता. ताईने फोडी केल्या. परिचारिकाबाईंनी फोड तोंडात घातली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"आंबट आहे," शेवटी त्या म्हणाल्या. दातांत अडकलेला धागा काढत त्यांनी विचारलं, "ही जात अशीच असते का?"

संपादक पाणी मागू लागले. भावोजींनी स्वतः एक फोड खाल्ली आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग ते रोपवाटिकेच्या बाईंकडे वळले. "तुम्ही मला फसवलंत. चार माणसांत सांगतो, तुम्ही भलतंच रोप गळ्यात मारलंत."

बाईंनी ताईकडे खुरपं मागितलं, बुंध्याशी बसल्या आणि माती उकरायला लागल्या. वीतभर खाली काळं पडलेलं खोडकं निघालं, त्यावर ती फुगीर गाठ अजून ओळखू येत होती.

"हे माझं कलम," त्या म्हणाल्या. "तुमचं झाड त्याच्या खालून आलंय."

"एखादं जातं असं," भावोजी पुटपुटले.

"एखादं नाही. तुमचा लेख आला त्या वर्षी माझ्याकडे त्रेचाळीस माणसं मेलेली कलमं घेऊन आली. सगळ्यांनी सांधा गाडला होता. काहीजणांनी कात्रण सोबत आणलं होतं. मी दोनदा पेपरला पत्र लिहिलं."

संपादक ग्लासात बघत राहिले. बागकामाची पत्रं न उघडता भावोजींकडेच पाठवायची, हा नियम त्यांचाच होता. आणि भावोजींचे कान लाल झालेले पाहून ती पत्रं पोचली होती, हेही कळलं. मी मात्र त्या स्वल्पविरामाचा विचार करत होते. ते वाक्य मी तीनदा वाचलं होतं.

बुधवारी भावोजींचा लेख आला: 'रोप विकत घेताना फसगत कशी टाळावी'. मी ऱ्हस्व-दीर्घ नीट केले. मग पहिल्यांदाच, कोणालाही न विचारता, शेवटी तीन वाक्यं जोडली: 'कलमाचा सांधा नेहमी मातीच्या वर ठेवा. सहा वर्षांपूर्वी मी याच्या उलट सांगितलं होतं. ते चूक होतं, आणि ज्यांची झाडं गेली त्यांची मी माफी मागतो.'

रविवारी सकाळी सात वाजता भावोजींचा फोन आला. नोकरी घालवीन म्हणाले, नातं तोडीन म्हणाले. मी ऐकून घेतलं.

पण मंगळवारपासून पत्रं यायला लागली. इतका मोठा माणूस चूक कबूल करतो, असं हल्ली कुठे दिसतं, असा सगळ्यांचा सूर. परिचारिकाबाईंनी तर चार पानं लिहिली होती. शुक्रवारी मी गेले तेव्हा भावोजी ती ताईला मोठ्याने वाचून दाखवत होते. मला पाहून म्हणाले, "प्रामाणिकपणाला अजून किंमत आहे. मी लिहितानाच म्हटलं होतं."

ताई उठून अंगणात गेली. तिने रोपवाटिकेच्या बाईंना बोलावून घेतलं होतं. मी मागोमाग गेले तेव्हा त्या दोघी करवत घेऊन उभ्या होत्या, झाड कमरेएवढं ठेवून कुठे कापायचं, ते खडूने आखत. नव्या फुटव्यांवर बुटक्या जातीच्या काड्या कलम म्हणून बांधायच्या असं ठरलं होतं.

"मी काय करू?" मी विचारलं.

"फांद्या ओढ," ताई म्हणाली. "आणि त्यांना आतच बसू दे."