भिंतीत अडकलेली भिंगरी

मित्रांनो, माझा मूळचा पिवळा रंग आता फक्त मुठीच्या खाचेत शिल्लक आहे. बाकी सगळी मी सिमेंटच्या रंगाची झाले. काँक्रीट कापणारी जुनी मशीन ती मीच. कारखान्याने मला लांबलचक नंबर दिला होता, पण तो कोण लक्षात ठेवणार? माझा मालक मुखरू मिस्त्री मला भिंगरी म्हणतो आणि सगळ्या वरोऱ्यात तेच नाव पडलं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. कुणीतरी माझ्या पोटात तांब्याच्या तारेचे वेढे बसवले, पुढे एक गोल चकती लावली आणि बटण दाबून मला पहिल्यांदा ओरडायला लावलं. त्या चकतीच्या कडेला हिऱ्याची कणी असते. लगेच डोळे मोठे करू नका. दागिन्यातले हिरे ते वेगळे. हे काळपट आणि वाळूएवढे बारीक. मात्र लोखंडी सळी असो की दगडासारखं काँक्रीट, या कणीपुढे कुणाचं काही चालत नाही. मला एकच पथ्य आहे. कापताना चकतीवर पाण्याची धार हवी. पाणी नसलं की मी तापते आणि धुळीचा असा लोट उठतो की माणसाची छाती भरून जाते.

मुखरूने मला घेतलं तेव्हा तो तिशीतला होता. हातोडा आणि छिन्नीने भिंती फोडून त्याचे खांदे गेले होते. जुन्या घरात नवी खिडकी काढायची, बंद जिन्याला वाट करून द्यायची, गच्चीच्या स्लॅबला पाइपापुरता चौकोन पाडायचा, अशी कामं आम्ही दोघं करू लागलो. हातोड्याने सगळं घर हादरतं, मी मात्र आखल्या रेषेवरून सरळ जाते. ऊर्जानगरजवळ राहणाऱ्या इंदुताईंच्या स्वयंपाकघराची भिंत आम्ही कापली, तेव्हा पलीकडच्या फळीवरची चिनी मातीची बरणीसुद्धा जागची हलली नाही. इंदुताईंनी मुखरूला चहा दिला आणि माझ्यावरून कापड फिरवलं. आपल्याला कुणी पुसलं की फार बरं वाटतं.

पण खरी करामत माझी नव्हती, मुखरूच्या कानाची होती. त्याची एक पद्धत होती. दारावर किंवा खिडकीवर विटांचा भार पेलायला काँक्रीटची आडवी पट्टी असते. आमच्याकडे तिला लेंटर म्हणतात. दार रुंद करायचं तर त्या लेंटरच्या खालून कापावं लागतं. मुखरू कोपऱ्यात आधी मला बोटभर वर सरकवायचा आणि माझी चकती लेंटरला नुसती टेकवायचा. वीट कापताना माझा आवाज घोगरा असतो, काँक्रीट लागलं की तो चढतो आणि सळी लागली की मी किंचाळते. तो चढलेला आवाज ऐकला की मुखरू म्हणायचा, "लागलं लेंटर." मगच तो मला खाली घ्यायचा. याला तो लेंटरला नमस्कार म्हणायचा.

आता वाईट वाटणारी गोष्ट सांगते. ज्या आवाजावर त्या माणसाचं पोट होतं, त्याच आवाजाने त्याचे कान खाल्ले. इंदुताई म्हणाल्या होत्या, कानात काही घालत जा. मुखरू हसला होता. कान झाकले तर नमस्कार कसा ऐकू येईल, असं त्याचं म्हणणं. वर्षामागून वर्षं गेली. आधी त्याला पाखरं ऐकू येईनाशी झाली, मग फोनची घंटी. माझ्या थरथरण्याने त्याच्या बोटांची टोकंही बधिर झाली. शर्टाचं बटण लावायला त्याला वेळ लागायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बहिरा मिस्त्री म्हटल्यावर काम कोण देणार? माणसं बोलली की तो ओठांकडे बघून मान हलवायचा. मला मात्र सगळं कळत होतं, कारण तो नमस्कार अजूनही करायचा, पण आवाज चढला तरी मला वरच घासत ठेवायचा. त्याची सवय उरली होती, ऐकू येणं उरलं नव्हतं. माझाच त्यात हात होता, याचं दुःख मला आजही आहे.

अशात धानोऱ्याकडचं काम आलं. ते आणलं वरोऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमधल्या कोलू नावाच्या कामगाराने. त्याची बहीण सोमारी धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या गावात राहायची. तिचा नवरा लालसू बेहड्याची फळं पाडताना झाडावरून कोसळला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. एका शिबिरात त्याला चाकाची खुर्ची मिळाली, पण ती त्यांच्या घरकुलाच्या दारातून आत जाईना. दार अरुंद, खुर्ची रुंद. खुर्ची अंगणात उभी राहिली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. लालसू आत, खाटेवर.

एप्रिलच्या एका सकाळी मुखरूने मला मोटारसायकलला बांधलं. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. "जोहार, भाऊ," म्हणत सोमारी पुढे आली आणि पाण्याचा तांब्या ठेवून सरळ विषयावर आली.

"पुढच्या महिन्यात तेंदूपत्ता सुरू होते, भाऊ. पहाटे मी जंगलात जातो, ते दुपारलेच वापस येतो. मागच्या साली घरात नाग निघाला. हा खाटेवर. उतरता येत नाई, पळता येत नाई. मी येईपर्यंत त्याच्याकडं पाहत पडून राह्यला. तेव्हापासून मी जंगलात गेली का याले झोप नाई अन् मले जीव नाई. याले आपल्या हातानं बाहेर येता आलं पाह्यजे. बस."

खाटेवरून लालसू म्हणाला, "नागानं काई नाई केलं, भाऊ. मीच भेलो." आणि तो भिंतीकडे बघू लागला. मुखरूने दाराचं माप घ्यायला सुरुवात केली.

माप घेता घेता त्याने विचारलं, "बाई, लेंटर हाये का? सगळीकडून फिरवलं हाये?"

"हाये ना," सोमारी म्हणाली. "पुऱ्या घरावर लेंटर हाये. मीच घमेले वाहले, मले नाई माहीत का?"

तिच्या ओठांवरून मुखरूने ते नीट वाचलं. पुऱ्या घरावर लेंटर म्हणजे पट्टी चारही भिंतींवरून फिरवलेली असणार. मग दार फूटभर वाढवलं तरी वरचा भार तीच पेलेल. एरवी तो थोडं प्लास्टर काढून डोळ्यांनी बघायचा. पण त्या गावात लाईन, म्हणजे वीज, कधी जाईल याचा नेम नव्हता आणि लाईनशिवाय मी म्हणजे नुसतं ओझं. बाई एवढी ठामपणे सांगते आहे, तर कशाला वेळ घालवा, असं त्याने ठरवलं.

सुताने रेषा आखली. लालसूला खाटेसकट बाहेर काढता येईना, कारण दार खाटेपेक्षाही अरुंद होतं, आणि उचलून नेऊ म्हटलं तर तो नको म्हणाला. म्हणून खाट पलीकडच्या भिंतीला सरकवली आणि त्याच्या तोंडावर ओला दुपट्टा टाकला. पण खोली ती केवढी! त्याचे पाय दारापासून चार हातांवरच होते. सोमारी माझ्यावर पाणी ओतायला उभी राहिली.

आधी बाहेरून उभी रेषा झाली, मग आतून. मुखरूने लोखंडी चौकट ठोकून सैल केली. शेवटची राहिली वरची आडवी रेषा. त्याने मला कोपऱ्यात बोटभर वर सरकवलं. नमस्कार. मी वाट पाहिली, आता काँक्रीट लागेल. लागली वीट. आणखी वर, तरी वीटच. घोगरा तो घोगराच आवाज. मी जमेल तेवढ्या जोराने घोगरत राहिले. आणखी मी काय करणार होते?

दुपट्टा बाजूला करून लालसूने हाक मारली. "मिस्त्री भाऊ, वरती अन् खालती एकच आवाज येऊन राह्यला." जन्मभर झाडांना टकटक करून आतलं पोकळ कुठे आहे ते ओळखलेला माणूस तो. मुखरूची त्याच्याकडे पाठ होती. लालसूने पुन्हा आवाज दिला, या वेळी मोठ्याने. मुखरूने मला आडवं वळवलं आणि कापायला सुरुवात केली.

मी वीतभर गेले असेन. मग माझ्यावर काहीतरी बसू लागलं. मी कापलेली फट हळूहळू मिटत होती. वरच्या विटांना आधार देणारी चौकट सैल झाली होती आणि सगळा भार खाली सरकत माझ्या चकतीवर येत होता. मी अडखळले, घरघरले आणि बंद पडले.

मुखरूने मला हलवून पाहिलं. "लाईन गेली वाटते," तो म्हणाला आणि मला ओढून काढायला त्याने दोन्ही हातांनी मूठ धरली.

सोमारीने त्याच्या दंडाला हात लावून त्याला वळवलं आणि वर बोट दाखवलं. "लाईन हाये, भाऊ. पंखा फिरून राह्यला ना."

खाटेच्या वरचा पंखा खरंच फिरत होता. मुखरूने पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या वरच्या विटांकडे. तिथून सिमेंट-वाळूची भुकटी त्याच्या मनगटावर पडत होती. त्याने मुठीवरचा एकेक हात असा काढला, जसा झोपलेल्या बाळाखालून काढतात. त्या क्षणी त्याने मला ओढलं असतं, तर वरची सगळी भिंत खोलीत आली असती.

"बल्ल्या आणा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "जाडजूड. लवकर."

सोमारीच्या हाकेने गाव धावलं. मांडवाच्या, कुंपणाच्या, मिळतील त्या लाकडी बल्ल्या आल्या. त्या घेऊन मुखरू एकटाच विटांखालून पुन्हा आत गेला, लालसू आणि भिंत यांच्या मधे उभा राहिला आणि एकेक बल्ली पाचर मारून उभी करत गेला. तेवढा वेळ मी दातओठ खाऊन भिंतीत उभी होते. माझी चकती वाकली. पोटातलं तांबं तर आधीच जळलं होतं. शेवटची बल्ली बसल्यावर मुखरू जमिनीवर बसला.

"बाई, लेंटर कुठी हाये?" त्याने विचारलं.

सोमारीने डोक्यावरच्या स्लॅबकडे बोट केलं. "हे काय. पुऱ्या घरावर."

हे घर बांधणारा मिस्त्री छत्तीसगडकडचा होता आणि त्याच्या बोलीत स्लॅबलाच लेंटर म्हणत. दारावर पट्टी त्याने टाकलीच नव्हती. सोमारी खोटं बोलली नव्हती. मुखरूनेही तिचे ओठ चुकीचे वाचले नव्हते.

"मी दोनदा आवाज देलो, भाऊ," लालसू म्हणाला.

मुखरूने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग जे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते सगळ्या गावासमोर सांगितलं. "मले ऐकू येत नाई, दादा. तीन साल झाले. तुमच्या जीवावर आलं होतं माह्यामुळं."

कुणी त्याला बोल लावला नाही. सोमारीने फक्त त्याच्यासमोर पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवशी वरच्या विटा एकेक करून उतरवल्या, मला सोडवलं आणि मुखरूने त्या दारावर सळ्या बांधून खरंखुरं लेंटर टाकलं. ते पिकेपर्यंत, म्हणजे पक्कं होईपर्यंत, तो तिथेच राहिला आणि रोज सकाळसंध्याकाळ पाणी मारत होता. मी पडवीत ताडपत्रीवर पडून बघत होते.

बल्ल्या काढल्या त्या सकाळी लालसूला खुर्चीवर बसवलं. सोमारी मागून ढकलायला गेली, तेव्हा त्याने मान हलवली. त्याने दोन्ही चाकांना हात घातले. एकदा खुर्ची तिरकी झाली, एकदा अडली. मग ती दारातून निघाली, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून. अंगणात येऊन तो उन्हात थांबला. त्याने तोंड वर केलं. सोमारीने पदर डोळ्यांना लावला. चार दिवसांनी पहाटे ती जंगलात गेली, तेव्हा तो तिला सोडायला कुंपणापर्यंत आला होता.

मी आता वरोऱ्याला फळीवर असते. माझी तार पुन्हा भरता येईल, पण मुखरू म्हणतो, राहू दे. चंद्रपूरच्या दवाखान्यात त्याने कान दाखवले. गेलं ते परत येणार नाही, म्हणाले. तो आता नव्या मिस्त्र्यांना काम शिकवतो. कानात बोळे घातल्याशिवाय कुणाला मशीनला हात लावू देत नाही आणि घरवाल्याने नुसतं तोंडाने सांगितलेलं खरं धरत नाही. म्हणतो, बोट लावून दाखवा.

मित्रांनो, आमच्यासारख्या मशीनींना पाणी द्या, पुसून ठेवा. पण त्याआधी स्वतःचे कान आणि हात सांभाळा, ते कुठल्या दुकानात भरून मिळत नाहीत. आणि काम करताना पाठीमागून कुणी हाक मारली, तर बटण बंद करून वळून बघा. लालसूने दोनदा हाक मारली होती. तिसरी हाक म्हणजे माझं बंद पडणं. चौथी हाक मारायला त्या खोलीत कुणी उरलं नसतं.