लखोट्याचं शेवटचं पान

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. लांबी बारा इंच, रुंदी दीड इंच, आणि सातव्या इंचापाशी एक बारीक खाच. ती खाच कशी पडली ते मला आता आठवत नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुधा स्वतःचं कौतुकच करत सुटतात. तेही मी थोडं करीन, कारण माझं कौतुक करायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही. पण मला खरं सांगायचं आहे ते एका चुकीबद्दल. त्या चुकीत मीही होते.

माझा जन्म मोजमापाची अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, घासला, मग अंगावर मेण फासलं, त्या मेणात रेघा कोरल्या आणि आम्हाला तेजाबात बुडवलं. जिथे मेण नव्हतं तिथे तेजाब चावलं आणि तिथेच आकडे उमटले. फार दुखलं. पण त्या दिवसापासून मी कधी कुणाला खोटं माप दिलं नाही.

पहिली वीस वर्षं मी एका बाइंडरकडे होते. पाठ उसवलेल्या, कोपरे कुरतडलेल्या वह्या-पुस्तकं त्याच्याकडे यायची आणि ताठ होऊन परत जायची. कागदाच्या घडीवर तो मला दाबून धरायचा आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "पट्टी असावी तर अशी! केसभर सरकत नाही." काम आटोपलं की माझ्या अंगावरून तेलाचं बोट फिरवायचा. त्या बोटाची मला अजून आठवण येते.

बाइंडर गेला. बांधणीचं काम तर त्याच्याआधीच आटलं होतं. त्याच्या मुलाने गोंदाची भांडी बाहेर काढली, भिंतींना फळ्या ठोकल्या आणि त्याच जागेत कॉमिक्सचं दुकान थाटलं. त्याला सगळे काका म्हणत आणि त्याच्या बायकोला काकू. माणूस वाईट नव्हता. हसरा होता, थट्टेखोर होता, पण शिस्तीचा पक्का. "नियम म्हणजे नियम" हे त्याचं पालुपद. गंमत म्हणजे त्याने स्वतः एकही कॉमिक वाचलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मिठाईवाला कुठे मिठाई खातो?"

काही वर्षं मी गल्ल्याखालच्या खणात रबरबँडांच्या गुंत्यात पडून होते. मग काकांना माझा उपयोग सापडला. मित्रांनो, तो उपयोग सांगताना मला लाज वाटते.

त्या धंद्याची एक रीत आहे. दर गुरुवारी नव्या अंकांचे गठ्ठे यायचे. जे अंक विकले जात नाहीत ते सगळेच्या सगळे परत पाठवणं जड पडतं. म्हणून प्रकाशक म्हणतो, फक्त मुखपृष्ठं फाडून पाठवा, म्हणजे अंक खपला नाही हे आम्हाला कळेल. उरलेला अंक रद्दीच्या पोत्यात घाला, त्याचा लगदा होईल. मुखपृष्ठ नसलेला अंक विकायचा नाही आणि फुकट द्यायचाही नाही. काका अंकाचा शेवट उघडायचे, शिवणीला मला दाबायचे आणि एक हिसका द्यायचे. पुढचं-मागचं सगळं मुखपृष्ठ अखंड निघून यायचं. बापाने ज्या पट्टीने पुस्तकं बांधली, तिनेच मुलगा ती फाडू लागला. पट्टीला कोण विचारतं?

दुकानाच्या डाव्या भिंतीला नेहमीच्या वाचकांसाठी कप्पे होते. ज्याने जे मागितलं असेल ते त्याच्या कप्प्यात तीन आठवडे थांबायचं. तीन आठवड्यांत माणूस आला नाही, तर अंक माझ्याखाली.

चौथा कप्पा यादीताईंचा. हे नाव काकांनीच ठेवलेलं. या बाई एका मोठ्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायच्या. मनगटावर भाजल्याचे जुने डाग, आणि चालणं सदा घाईचं. दर सोमवारी त्या पुढच्या गुरुवारी येणाऱ्या अंकांची यादी घेऊन यायच्या. अक्षर त्यांचं, पण बोल त्यांच्या धाकट्या भावाचे. भाऊ होता अडतीस वर्षांचा, आणि त्या त्याला अजून छोट्याच म्हणायच्या. तरुणपणीच त्याला स्नायूंचा आजार जडला. आधी पाय गेले, मग हात गेले, आणि गेल्या वर्षी डोळेही मंदावले. तेव्हापासून ताई त्याला चित्रंसुद्धा वाचून दाखवायच्या. वरच्या चौकोनात काय आहे, खालच्यात काय आहे, कुणाच्या तोंडावर सावली पडली आहे, सगळं.

यादी हातात पडली की काका ती मोठ्याने वाचायचे आणि काकू पदर तोंडाला लावून हसायच्या.

"एक. लखोटा. आला नाही तर दुकान पेटवू. दोन. सातवा मजला. खरा डॉक्टर कोण ते यात कळेल, आणि तो मीच आहे असं निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नये. तीन. लोखंडी मांजर. गेल्या वेळी चित्रं झोपेत काढली होती. तरी द्या."

'लखोटा' यादीत नेहमी पहिला. अकरा वर्षं चाललेली गोष्ट होती ती. एक हलकारीण, म्हणजे निरोप पोचवणारी बाई, लाखेने बंद केलेला लखोटा घेऊन नऊ राज्यं पायी ओलांडते आहे. लखोट्यात काय आहे ते तिला ठाऊक नाही, वाचणाऱ्यालाही नाही. बहीण-भावाची त्यावर पैज होती. छोट्या पहिल्या अंकापासून सांगत आला होता, की आत लिहिलंय, 'हे आणणारीला ठार करा.' ताई म्हणायच्या, "तुझ्या जिभेला काही हाड? काहीतरी चांगलंच असेल." मग त्या हे भांडण दुकानात येऊन काकूंना जसंच्या तसं सांगायच्या. दिवसभर चादरींशी झुंजणाऱ्या त्या बाईच्या तोंडावर तेवढ्यापुरती टवटवी यायची.

मग एका सोमवारी यादी आली: "एक. लखोटा, शेवटचा अंक. दोन, तोच. तीन, तोच. चार, सांगितलं ना, तोच."

इतर वाचक त्या गोष्टीला केव्हाच कंटाळले होते. एकच प्रत मागवली होती. गुरुवारी ती आली आणि काकांनी चौथ्या कप्प्यात ठेवली. पण ताई आल्या नाहीत. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. छोट्याला श्वास पुरेनासा झाला होता आणि त्या त्याच्या उशापासून हलत नव्हत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

तिसरा आठवडा भरला. दुपारी काकांनी कप्पे रिकामे करायला घेतले.

काकू म्हणाल्या, "अहो, ताईंचा राहू द्या. येतील बिचाऱ्या."

"तीन आठवडे झाले."

"एक दिवस थांबलात तर आभाळ कोसळणारेय का? निदान फोन तरी करा."

"नंबर वहीत आहे, वही माळ्यावर आहे. आणि उद्या सकाळी पार्सल न्यायला माणूस येतोय. एकाला सूट दिली की सगळे डोक्यावर बसतात. नियम म्हणजे नियम."

शिडी चार पावलांवर होती, मित्रांनो. मी मोजून सांगते, चार पावलं.

काकांनी अंक शेवटाकडून उघडला आणि मला शिवणीला दाबलं. तेव्हा मी पाहिलं, की गोष्ट आतल्या पानांत संपलेलीच नव्हती. शेवटचं पान मागच्या मुखपृष्ठाच्या आतल्या अंगाला छापलं होतं. एक म्हातारा द्वारपाल दार उघडं धरून उभा आहे, हलकारिणीच्या हातात फोडलेला लखोटा आहे, आणि आत लिहिलंय: 'हे आणणारी फार लांबून आली आहे. तिला जेवू घाला. तिला झोपू द्या. दुसरं काही काम नाही.'

एवढं वाचलं आणि हिसका बसला.

दुसऱ्या दिवशी पार्सल गेलं आणि तासाभरात ताई दारात उभ्या. डोळे खोल गेलेले, केस कसेबसे बांधलेले.

"काका, लखोटा द्या. लवकर. डॉक्टर म्हणालेत, आज नाहीतर उद्या. तो सारखा तेच विचारतोय."

काकांचा चेहरा उतरला. "ताई... तीन आठवडे..."

"कप्प्यात आहे म्हणजे घरातच आहे असं मी धरून चालले होते," ताई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या चौथ्या कप्प्यात हात घालून बघत राहिल्या.

काकूंनी रद्दीचं पोतं जमिनीवर उलटं केलं. तिघं गुडघ्यांवर बसली. मुखपृष्ठ गेलेले अंक सगळे सारखेच दिसतात. शेवटी ताईंनाच हलकारिणीची काठी दिसली. काकांनी त्या दिवशी नियम मोडला. अंक लुळा पडत होता म्हणून त्यांनी तो माझ्यावर ठेवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि आम्हा दोघांना ताईंच्या हातात दिलं. शेवटचं पान मुखपृष्ठाबरोबर गेलंय हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक फक्त मला होतं, आणि मला तोंड नाही.

घर एका खोलीचं. खिडकीला धुतलेल्या चादरीचाच पडदा, त्याच्या कडेला खाट. ताईंनी वर्तमानपत्र सोडलं, मला पांघरुणावर ठेवलं आणि वाचायला लागल्या. छोट्या डोळे मिटून ऐकत होता. मधेच म्हणायचा, "आभाळ कुठल्या रंगाचं?" ताई रंग सांगायच्या.

"आता ती शेवटच्या दारात आलीय. दार बंद आहे. तिने लखोटा काढला."

"उघडतेय?"

"हो. अंगठा लाखेखाली घातला. लाख तडकली."

"मग?"

ताईंनी पान उलटलं. पुढे दोन पिना होत्या आणि त्यांना अडकलेले कागदाचे चार तंतू. त्यांनी वर्तमानपत्र झटकलं, पांघरूण चाचपलं, मलासुद्धा उचलून खाली पाहिलं. मी त्यांच्या हातात होते. जगात त्या क्षणी त्या बाईला जे हवं होतं ते मला ठाऊक होतं, आणि मी फक्त गार लोखंड होते.

"बोल ना ताई. हरलो ना मी?"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. या भावाने आयुष्यात काही म्हणजे काही जिंकलं नव्हतं.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "तू जिंकलास."

"खरं?"

"'हे आणणारीला ठार करा.' एवढंच लिहिलंय. मोठ्या अक्षरांत."

छोट्या हसला. "सांगत नव्हतो? अकरा वर्षं सांगतोय!" हसता हसता ठसका लागला. ताईंनी पाठ चोळली, पाण्याचा चमचा ओठांना लावला. ठसका थांबला तेव्हा हसूही गेलं होतं.

"तिने स्वतःच वाचलं ते?"

"हो."

"बिचारी," तो म्हणाला. "म्हणजे पहिल्या अंकातच तिचं ठरलेलं होतं सगळं. उगाच चालली एवढी."

ताईंनी घाईघाईने पेन काढलं. "ते सोड. पुढच्या गुरुवारची यादी सांग. एक?"

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"नको," तो म्हणाला.

दोन दिवसांनी तो गेला. त्या दोन दिवसांत त्याने काही मागितलं नाही, पाणीसुद्धा नाही.

महिन्याभराने ताई मला परत द्यायला दुकानात आल्या. काकूंनी दहा ठिकाणी चौकशी करून 'लखोट्या'ची एक धड प्रत मिळवली होती. एवढं तरी आपल्या हातून व्हावं असं त्यांना वाटलं. त्यांनी ती ताईंच्या पुढे ठेवली. ताईंनी उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं. एकदा वाचलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"मी त्याला जिंकवलं हो काकू," त्या म्हणाल्या, आणि तिथेच खाली बसल्या.

काका माळ्याकडे पाठ करून उभे होते. त्यानंतर त्यांनी मला कधी हातात घेतलं नाही. आता मी खिळ्याला टांगलेली आहे, आणि माझ्या आकड्यांवर गंज चढतो आहे. अंक काका अजून फाडतात, पण हाताने, आणि सावकाश.

मित्रांनो, माझा गंज पुसा असं मी सांगणार नाही. मी तेवढ्याच लायकीची आहे. पण तुमच्या कप्प्यात कधी कुणाची वस्तू राहिली, आणि ते माणूस ठरल्या दिवशी आलं नाही, तर त्याला विसराळू म्हणू नका. त्याच्या घरी काय चाललंय ते तुम्हाला माहीत नसतं. नियम असेल तर असू द्या. शिडी लावा, नंबर काढा, फोन करा. आणि फोन लागला नाही, तर ती वस्तू एक दिवस जास्त ठेवा.