पुतळाबाईची शीळ

सारजाबाई जुन्या साड्यांचं बोचकं काखेत मारून जिना उतरल्या आणि फाटकात येऊन थबकल्या. भांडेवाली नव्हतीच. भाजीचा हातगाडा होता आणि गाड्यामागं पुतळाबाई उभी होती, एका हातात तराजूचं पारडं अन् दुसऱ्या हातात किलोचं वजन.

"अगं, तू व्हय? पारडं वाजलं म्हणून मला वाटलं भांडेवाली आली. साड्या देऊन एक पातेलं घ्यावं म्हणलं."

पुतळाबाईचे ओठ हलले. हवा निघाली, शब्द काही निघाला नाही. सारजाबाईंनी कान पुढं केला.

"मेथी कोवळी हाय," पुतळाबाई पुन्हा म्हणाली, सगळा जीव गळ्यात आणून.

"मघाशीच घेतली गं त्या टेम्पोवाल्या कारभाऱ्याकडून. तू कधी येती, कधी जाती, पत्ताच लागत नाय आताशा." बोचकं पुन्हा काखेत गेलं आणि सारजाबाई जिना चढून गेल्या. त्यांचं तरी काय चुकलं?

बजाजनगरच्या ह्या सहा गल्ल्यांत पुतळाबाईनं एकोणीस वर्षं भाजी विकली ती गळ्याच्या जोरावर. आवाज म्हणजे असा, की पहिल्या गल्लीच्या तोंडाशी तिनं 'मेथीऽऽ घ्या, कोथिंबीऽऽर' म्हटलं की चौथ्या गल्लीतली बाई हात पुसत पिशवी शोधायला लागायची. रात्रपाळी करून कोण कुठल्या घरात झोपलंय हेही तिला पाठ होतं, तिथं ती आवाज निम्म्यावर आणायची. मग गळ्यात गाठ आली. दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं. गाठ आवाजाच्या नसेला चिकटून बसली होती, ती काढायची तर नस जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि पुतळाबाईनं समजून उमजून अंगठा उठवला होता. आता चार महिने उलटले होते. परत यायचं तेवढं आलंय, असं डॉक्टर म्हणाले. आलं होतं ते एवढंच, कानाशी लागून बोलावं तसं कुजबुजणं.

मल्हारी, तिचा मुलगा, वाळूजला कंपनीत होता. त्यानं गाड्याला लावायला एक भोंगा आणला. बटण दाबलं की आतून कुणी परकी बाई लाडेलाडे 'ताजी सब्जी लीजिए' म्हणायची. पुतळाबाईनं एक दिवस ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वायर उपटून भोंगा मल्हारीच्या हातात दिला.

"माझ्या गाड्यावर दुसरीचं तोंड नाय पायजे."

"मग घरी बस की माय. मी हाय ना कमवायला."

हे 'घरी बस' तिला गळ्यावरच्या टाक्यांपेक्षा जास्त झोंबलं. नवरा गेला तेव्हा ती बसली नव्हती. पोराला पाठीशी बांधून ती ह्या गावात आली, तेव्हा तिला बस म्हणायलाही कुणी नव्हतं. ह्या सहा गल्ल्या तिच्या होत्या. त्या सुटल्या तर ती मागच्या खोलीत खाटेवर पडून राहणारी एक म्हातारी होणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

त्या दिवशी सारजाबाई वर गेल्या आणि कारभाऱ्याचा टेम्पो गल्लीत वळला. वरचा भोंगा ओरडतच होता. पुतळाबाईला बघून कारभाऱ्यानं तो बंद केला.

"मावशी, कशाला उन्हात ढकलता गाडा? त्या कोपऱ्यावर बसा निवांत. दोन-चार गिऱ्हाईकं मी धाडीत जाईन तुमच्याकडं."

एकोणीस वर्षांत हा माणूस तिच्याशी भांडल्याशिवाय कधी बोलला नव्हता. माझी गल्ली, तुझी गल्ली करत एकदा दोघांनी भर चौकात एकमेकांचा उद्धार केला होता. आणि आज मावशी! पुतळाबाईच्या अंगाची आग आग झाली. त्यानं शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. पण बोलून ऐकू कुणाला जाणार होतं? तिनं गाडा वळवला आणि पुढची गल्ली धरली.

गल्लीत माणूस नाही. दारं लावलेली. गाड्यावरची मेथी माना टाकायला लागलेली. आणि मागून पुन्हा भोंग्याचा आवाज जवळ येत चाललेला.

पुतळाबाईनं गाड्याच्या चाकाला दगड लावला. भाजीवर मारायच्या पाण्यानं हाताची दोन बोटं धुतली.

पैठणच्या अलीकडं, धरणाच्या पाण्याकाठी तिच्या बापाची मेंढरं चरायची. ती लहानपणी त्यांच्यामागं हिंडली होती. मेंढरं लांब पांगली की बाप म्हणायचा, "पुतळे, वळीव." मग ती दोन बोटं जिभेखाली घालून शीळ घालायची, लांबलचक, शेवटाला वर चढणारी, आणि सगळा कळप मान उचलून माघारी फिरायचा. लग्न झालं त्या आठवड्यात ती एकदा सवयीनं अशीच परसात शीळ घालून गेली, तर सासू बानाबाईनं हातावर चिमटा काढला होता. नांदत्या बाईनं शीळ घालायची नसते. तेव्हापासून पस्तीस वर्षं त्या बोटांनी ते काम केलं नव्हतं.

पहिल्यांदा नुसतं फुस्स झालं. दुसऱ्यांदा थुंकी उडाली. तिसऱ्या वेळी तिनं पोटातून दम घेतला, आणि शीळ निघाली. सगळी गल्ली चिरत गेली. शिळेला गळ्याची नस लागत नाही, दम लागतो, आणि दम तिच्याकडं होता.

खिडक्या उघडल्या. तळमजल्यावरून रिटायर सुपरवायझर नानासाहेब काठी घेऊनच बाहेर आले.

"कोण हाय रे तो? लेकीबाळींच्या गल्लीत शिट्ट्या मारतो?" म्हणत त्यांनी गाड्यामागं बघितलं, गाड्याखाली बघितलं, आणि मग त्यांची नजर पुतळाबाईच्या ओल्या बोटांवर गेली. "तू? पुतळाबाई, अगं शोभतं का हे? बाईमाणसानं शीळ?"

पुतळाबाई काहीतरी बोलली.

"काय?"

ती पुन्हा बोलली. नानासाहेबांना काठी टेकत गाड्यापाशी यावं लागलं, कान वाकवून तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"चाळीस मेंढरं वळत व्हती माझ्या शिळंवर," ती म्हणाली. "म्हणलं, तुमची गल्ली वळती का बघावं."

नानासाहेब ताठ उभे राहिले. गाड्यावरचं एक वांगं उचलून त्यांनी दाबून बघितलं. शेवटी म्हणाले, "वांगी कशी दिली?"

वरून दोन बाया हसत उतरल्या. तिसरीनं पिशवी आणली. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, आणि पुतळाबाईनं कारभाऱ्याकडं बघत, गरज नसताना, आणखी एक शीळ घातली.

आठवडाभरात सहाही गल्ल्यांना सवय झाली. कुणी नाकं मुरडली, कुणी दारात उभं राहून तोंडावर बोललं. ती आपली एक शीळ घालायची अन् पारडं उचलायची. रात्रपाळीवाल्यांच्या दारापुढं शीळही घालायची नाही, नुसती कडी वाजवायची.

मल्हारी मात्र घुम्यासारखा झाला होता. एका संध्याकाळी त्यानं डबा आपटला. "कंपनीत लोक म्हणतेत, तुझी माय शिट्ट्या मारती."

"मग? खोटं हाय का?"

"माय, मला लाज वाटती."

"वाटू दे. चार दिवसांनी नाय वाटायची. मलाबी पयल्या दिवशी वाटली व्हती."

तो उठून गेला. पण पोरगा वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडा भरत असताना तो मोबाइल घेऊन आला. सारजाबाईंच्या लेकीच्या हळदीचा गेल्या वर्षीचा व्हिडिओ त्यानं मागून आणला होता. गल्लीत मांडव, बायकांचा गलका, आणि त्या सगळ्याच्या मागून, लांबून, भरघोस आवाज आला, 'मेथीऽऽ घ्या, कोथिंबीऽऽर.'

"तुझाच हाय माय. भोंग्यात हाच भरून देतो. आता तर दुसरीचं तोंड नाय ना?"

पुतळाबाई गाड्याच्या दांड्याला धरून उभी राहिली. तिनं खुणेनं पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तिचे ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. ते तिनं पुसलं नाही.

"लई चांगली विकायची बाई," ती म्हणाली. मल्हारीला ऐकायला वाकावं लागलं. "जपून ठिव. पुसू नको कधी."

"अन् गाड्यावर?"

"ती राहू दे घरी. तिला बसव खाटंवर. गाड्यावर मी जाते."

तिनं नळाखाली दोन बोटं धुतली, पदर खोचला आणि गाडा ढकलत बाहेर पडली. मल्हारी मोबाइल हातात घेऊन दारात उभा राहिला. थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी शीळ झाली, आणि समोरच्या घरातली बाई हात पुसत पिशवी शोधायला लागली.