पत्र्याआडची नाट्यशाळा

मित्रांनो, मी एक जुनी नाट्यशाळा आहे. अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या वेल्डन क्रीक गावात, मुख्य रस्त्यावर, नगरभवनाच्या बरोबर समोर मी उभी आहे. हे मुद्दाम ठासून सांगते, कारण मी जळून गेले असं माझं गाव साठ वर्षं म्हणत होतं.

मला बांधलं मक्याच्या शेतकऱ्यांनी. हिवाळ्यात नदी गोठली की खाणीतला पांढरा दगड घसरगाड्यांवरून यायचा. युरोपातल्या बोहेमियातून आलेल्या वाच्लाव नावाच्या पाथरवटाने माझ्या दर्शनी कमानीवर मक्याची कणसं कोरली आणि कुणालाही न विचारता एका कणसावर दाणे कुरतडणारा उंदीरही कोरला. मालक चिडले, पण गावाला तो उंदीर फार आवडला. माझ्या वरच्या मजल्यावर नाटकं झाली, नाच झाले, शाळेचे निरोप समारंभ झाले. किती लग्नं तिथे जमली ते मलाच ठाऊक.

मग एकदा रंगमंचामागे आग लागली. पडदे, खुर्च्या, छत, सगळं जळालं. दगड मात्र जागचे हलले नाहीत. तोंडाला काजळी लागली होती, एवढंच. ती घासून काढायला कितीसा वेळ लागला असता? पण नव्या मालकांना 'आधुनिक' दिसायचं होतं. त्यांनी माझ्या तोंडावर वरपासून खालपर्यंत निळा पत्रा ठोकला. एक बोल्ट तर थेट उंदराच्या कानातून आत घातला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

टाळ्या वाजवणारे एकेक करून टेकडीवरच्या दफनभूमीत गेले. त्यांच्या पोरानातवंडांना एवढंच कळलं, की सुंदर नाट्यशाळा होती, ती आगीत गेली. मग सुरू झालं रडगाणं. माझा जुना फोटो नगरभवनात लागला, कॉफीच्या कपांवर छापला गेला. दर जूनमध्ये वारसा दिन भरायचा आणि महापौर ड्वेन टॉलफसन सावली बघून माझ्याच पायऱ्यांवर उभे राहायचे, माझ्याच नावाने डोळे पुसायचे. उंदराच्या कानातला बोल्ट एव्हाना गंजून गळून पडला होता. त्या भोकातून मला त्यांचा शब्दन्‌शब्द ऐकू यायचा.

माझ्या तळमजल्यावर अर्लिस व्होंड्राचेकचं केस कापायचं दुकान. ती लग्न होऊन या गावात आलेली, त्यामुळे मी कोण हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण ती मला झाडायची, पुसायची, कुठे गळलं तर लगेच बुजवायची. एके दिवशी ड्वेन तिच्याकडे केस कापून घेत होते.

“अर्लिस, वाईट वाटून घेऊ नका,” ते म्हणाले, “पण ही इमारत पाडायचं ठरलंय. वारसा दिनाला गाड्या लावायला जागाच उरत नाही.”

कात्री थांबली. “आणि माझ्या खुर्च्या काय रस्त्यावर मांडू?”

“हायवेपाशी बघा ना एखादी जागा. या डब्यात काय ठेवलंय?”

“अरे, तू एवढासा होतास तेव्हापासून याच डब्यात तुझे केस कापतेय मी! माझ्या म्हाताऱ्या बायका चालत येतात इथे. त्या हायवेला कशा येणार? तू आणणार आहेस उचलून?”

“ती जुनी नाट्यशाळा असती ना अर्लिस, तर शपथेवर सांगतो, पाडायच्या मशीनपुढे मी स्वतः आडवा पडलो असतो.”

अरे मेल्या, मग पड की! मी आतल्या आत ओरडत होते. पण दगडाचं कोण ऐकतं?

पाडायच्या दिवशी लोक घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि घरी भाजलेले केक घेऊन आले. जत्राच म्हणा ना. मशीनने मागून सुरुवात केली. आगीतही टिकलेली रंगमंचाची भिंत लोकांची कॉफी संपायच्या आत कोसळली. मग भंगारवाले पत्रा काढायला पुढे आले. पहिला पत्रा खाली आला आणि कमान दिसली. दुसरा आला आणि कणसं दिसली. तिसऱ्यामागून उंदीर बाहेर आला, तसे लोक खुर्च्यांवरून उठून पुढे सरकले.

अर्लिस सामानाची खोकी घेऊन फुटपाथवर उभी होती. तिने वर बघितलं, मग शेजारच्या ड्वेनच्या हाताकडे बघितलं.

“ड्वेन, तुझ्या हातातला कप बघ. आता वर बघ.”

ड्वेननी कप बघितला, वर बघितलं, पुन्हा कप बघितला. “अर्लिस, हा... हा तर तोच उंदीर!”

“मग? पडतोस ना आडवा?”

महापौर धावत मागे गेले आणि हात पसरून मशीनपुढे उभे राहिले.

आता अर्लिसच्या खुर्च्या परत जागेवर लागल्या आहेत आणि तिच्या म्हाताऱ्या बायका चालत येतात. याचं मला मनापासून समाधान आहे. पण यंदाच्या वारसा दिनी ड्वेन म्हणाले, गावाने आपली नाट्यशाळा वाचवली. वाचवली? मागे या आणि बघा! जिथे रंगमंच होता तिथे प्लास्टिकचा कागद फडफडतोय.

मित्रांनो, तुमच्याही गावात असा पत्रा मारलेली एखादी भिंत असेल. तिच्या फोटोला हार घालण्याआधी ती जागेवर आहे का, तेवढं बघा. आणि माझ्या उंदराच्या कानातलं भोक सिमेंटने बुजवायचं म्हणताहेत, ते बुजवू नका. तुमची पुढची भाषणंही मला ऐकायची आहेत.