थांब, एवढी गाडी पुकारते

पित्ताशयात खडे झालेत, ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाईंनी दुखेल का, टाके किती पडतील, असलं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पूर्ण भूल देणार? कमरेखालची नाही का चालणार?"

डॉक्टर हसले. "बाई, खडे वर आहेत. पूर्णच द्यावी लागेल."

बाई म्हणजे बस स्थानकावरच्या अनाउन्सरबाई. उभी हयात त्यांनी काचेच्या खोलीत माइकसमोर काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी भाजीवाला पाठमोरा असतानाही त्यांना आवाजावरून ओळखायचा आणि "काय बाई, आज कुठली गाडी लेट?" म्हणून चिडवायचा. आवाजच तसा होता. गाडी लेट असो, वाटेत बंद पडलेली असो, नाहीतर चक्क रद्द झालेली असो, ऐकणाऱ्याला वाटावं की जगात सगळं ठीक चाललंय. नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी त्यांना बजावलं होतं, बातमी काहीही असू दे, आवाज हलता कामा नये. बाईंनी ते असं काही मनावर घेतलं की पुढे घरातही त्यांचा आवाज फारसा हलला नाही.

एकच खोड होती. बाई झोपेत बोलायच्या. गाढ झोपेत अचानक "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणायच्या, आणि शेजारचे मेस्त्री "लागली का गाडी? चला, उतरतो" म्हणून कूस बदलायचे. मेस्त्री म्हणजे बाईंचे यजमान. सुतारकाम करायचे. गल्लीपासून सासुरवाडीपर्यंत सगळे त्यांना मेस्त्रीच म्हणत, बाईसुद्धा.

नुसत्या झोपेत ही तऱ्हा, तर भुलीत काय होईल? या विचारानं बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्यांच्या पोटात खड्यांखेरीज आणखी एक गोष्ट होती. ती बाहेर पडली असती तर मेस्त्री पुन्हा उठले नसते.

त्यांना एकच मुलगा होता. त्याला रंधा हातात धरायला नको होता, लोखंडाची मोठी मोठी यंत्रं हवी होती. त्यावरून बापलेकाची रोज जुंपायची. एक दिवस मेस्त्री रागाच्या भरात बोलून गेले, "जा, परत तोंड दाखवू नकोस." मुलगाही बापाचाच! तो निघून गेला आणि दूर कुठेतरी पुलाच्या कामावर क्रेन चालवायला लागला. घरी कधी फोन करायचा नाही. आईची ड्युटी असेल तेव्हा स्थानकावरच्या फोनवर करायचा.

शेवटचा फोनही तिथेच आला. बाई म्हणाल्या, "एकदा बाबांशी बोल रे. माझ्यासाठी बोल."

"आई, त्यांचा विषय काढायचा नाही. मला त्या माणसाशी काही देणंघेणं नाही."

बाई काही बोलणार तेवढ्यात कंट्रोलरनं काचेवर टकटक केली. गाडी भलत्याच फलाटावर लागली होती आणि माणसं बोचकी घेऊन सैरावैरा धावत होती. बाई मुलाला म्हणाल्या, "थांब, एवढी गाडी पुकारते." रिसीव्हर टेबलावर ठेवून त्यांनी माइक ओढला. गाडी पुकारली. नियमाप्रमाणे दोनदा पुकारली. मग रिसीव्हर उचलला तर पलीकडे कुणी नव्हतं.

त्यानं रागानं ठेवला, की लाइन तुटली, की थोडा वेळ वाट बघून गेला, काही कळायला मार्ग नव्हता. करेल पुन्हा, असं म्हणून बाई कामाला लागल्या. दुसऱ्याच दिवशी क्रेन उलटली. मुलाच्या कानावर आईचा शेवटचा आवाज पडला तो फलाटाचा क्रमांक सांगणारा, हे बाईंनी कुणालाही सांगितलं नाही. हे सांगायचं तरी कुणाला?

मेस्त्रींनी मात्र हाय खाल्ली. भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. अन्नाचा कण नाही की पाण्याचा घोट नाही. "माझ्या शब्दानं गेला तो," एवढंच पुटपुटायचे. पोरासाठी रडावं की नवऱ्याला सावरावं, हे बाईंना कळेना. शेवटी त्या त्यांच्या पाठीशी बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, शेवटच्या फोनवर तो काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, बाबांना सांग, माझ्या मनात काही नाही."

मेस्त्रींनी तोंड वळवलं. "पुन्हा म्हण."

बाईंनी पुन्हा म्हटलं. आवाज हलला नाही. मेस्त्री उठून बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

त्या एका वाक्यावर हा माणूस आजवर उभा होता. वर्षातून एकदा, मुलाच्या वाढदिवशी, तो हळूच विचारायचा, "काय म्हणाला होता गं तो?" आणि बाई सांगायच्या. एरवी त्या घरात मुलाचा विषय निघत नसे.

तर आता ही भूल. बाईंनी धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं आणि मेस्त्रींना सांगून टाकलं, "ऑपरेशननंतर माझ्याजवळ ही बसेल. तुम्ही खाली थांबा."

"का? मी काय परका आहे?"

"तुम्हाला रक्त बघवत नाही. ओंडक्यासारखे आडवे व्हाल, मग डॉक्टरांनी कुणाकडे बघायचं?"

"आयुष्यभर करवतीशी खेळलोय मी!" मेस्त्री म्हणाले. पण बाईंच्या हट्टापुढे त्यांचं काही चाललं नाही. दिवसभर ते फुगून बसले आणि बाईंना त्यांची फार दया आली.

ऑपरेशनच्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या, पण प्रेमळ होत्या. बाईंनी त्यांचा हातच धरला. "खरं सांगा, भूल उतरताना माणूस मनातलं सगळं बोलून टाकतो का?"

"सगळेच विचारतात हो आजी. काही जण बरळतात, नाही असं नाही. पण त्यात खरं-खोटं काही नसतं. जिभेवर जे घोळलेलं असतं ते येतं. बहुतेक जण पाणी मागतात."

जिभेवर जे घोळलेलं असतं ते. बाई छताकडे बघत राहिल्या. जिभेवर घोळवणं हेच तर त्यांनी आयुष्यभर केलं होतं. स्ट्रेचर आत जाईपर्यंत त्या ते एकच वाक्य मनात म्हणत राहिल्या. बाबांना सांग, माझ्या मनात काही नाही. तोंडावर मास्क आला तेव्हाही त्या तेच म्हणत होत्या. मग दिवे पसरट झाले आणि सगळं गेलं.

जाग आली तेव्हा घशाला कोरड पडली होती आणि पोटात आग होत होती. कुणीतरी त्यांचा हात धरला होता. तो खरखरीत तळवा बाईंनी डोळे न उघडताच ओळखला.

"बहीण कुठाय माझी?"

"औषधं आणायला धाडली नर्सनं. जवळ कुणीतरी हवं म्हणून मला वर बोलावलं," मेस्त्री म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते.

"मी... मी काही बोलले का?"

"बोललीस ना." मेस्त्री खुर्ची पुढे ओढून बसले. "आधी गाड्या पुकारल्यास. पलीकडचा पेशंट उठून बसायला लागला." ते हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा चुरगळला. "मग त्याच्याशी बोललीस."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"आज सांगतो तुला. इतकी वर्षं माझ्या मनात पाल चुकचुकायची. तू ते वाक्य सांगायचीस ना, दर वेळी तसंच्या तसं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सांधा इतका साफ बसला की मला भीती वाटते गं, जुन्या लाकडात कुठेतरी फट राहतेच. वाटायचं, ही माझ्यासाठी रचून सांगते. पण विचारायची छाती झाली नाही. नाही म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं?"

"आणि आज?"

"आज तू ते रडत म्हणालीस. तुटक तुटक. 'बाबांना सांग... मनात काही नाही...' तुला असं रडताना मी कधी बघितलं नव्हतं. भुलीत कोण खोटं बोलतंय? खरंच म्हणाला होता तो." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "सुटलो मी. आता पुन्हा कधी विचारणार नाही तुला."

जे व्हायला नको होतं ते झालं नव्हतं, तरीही बाईंना मोठ्यानं रडावंसं वाटत होतं. नवरा सुटला होता. त्या मात्र आता कायमच्या अडकल्या होत्या, एकट्या. आणि आता वर्षातला तो एक दिवसही गेला, ज्या दिवशी त्या घरात त्यांच्या लेकाचं नाव निघत असे.

मेस्त्री त्यांचे केस सारखे करत होते. मग त्यांना काही आठवलं.

"एक मात्र कळलं नाही. सारखी म्हणत होतीस, 'थांब, एवढी गाडी पुकारते. थांब रे, ठेवू नकोस.' त्यालाच म्हणत होतीस ना?"

"हो."

"मग? थांबला का तो?"

बाईंनी ओठांवरून जीभ फिरवली. तोंडात थेंबभरही ओल नव्हती.

"थांबला होता," त्या म्हणाल्या. आवाज हलला नाही.